अठरा पूर्ण, बारावी अपूर्ण

२९ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने एक गोष्ट लेखी मान्य केली. कोविडच्या काळात आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांसाठी ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ ही योजना त्या दिवशी जाहीर झाली. मुलाच्या नावावर रक्कम ठेवायची, अठरा पूर्ण झाल्यावर पुढची पाच वर्षे त्यातून दरमहा विद्यावेतन द्यायचे आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये हातात द्यायचे, अशी तिची आखणी. उच्च शिक्षणासाठी कर्ज काढलेच तर त्याचे व्याज भरण्याचीही तरतूद. आखणी करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते की अठराव्या वर्षी मूल कायद्याने सज्ञान होते, पण स्वतःच्या पायावर उभे राहत नाही. घर नसलेल्या मुलाला शिकायचे असेल तर कुणीतरी तेविशीपर्यंत त्याच्या पाठीशी असावे लागते.

आता त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात अठरा पूर्ण केलेले दुसरे एखादे मूल पाहू. लहानपणी एसटी स्टँडवर सापडलेले, बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांच्या ताब्याचा निर्णय करणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या, आदेशाने बालगृहात आलेले, तिथेच वाढलेले. त्याच्या वाट्याला काय आले? बालन्याय कायदा २०१५ चे कलम ४६ सांगते की संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात रुळण्यासाठी आर्थिक मदत देता येईल. ती द्यावीच लागेल असे ते म्हणत नाही. या मदतीला सरकारी भाषेत अनुरक्षण म्हणतात. ती एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत मिळू शकते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्कम महिना ४,००० रुपये. त्याआधी २,००० होती. एका मुलाला जे नियम म्हणून मिळते, ते दुसऱ्याला अपवाद म्हणून मागावे लागते.

कोविडने पोरक्या झालेल्या मुलांना जास्त मिळाले अशी ही तक्रार नाही. त्यांना योग्य तेवढेच मिळाले. तक्रार अशी की सरकारला उत्तर माहीत होते, आणि ते त्याने एका साथीपुरते वापरून कपाटात ठेवून दिले.

या मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा आरक्षणावर बोलले जाते. महाराष्ट्राने त्यात पुढाकार घेतला हे खरेच आहे. २ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने राज्यात अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आले. २०२१ आणि २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींना शुल्कमाफी देताना अनाथ मुले आणि मुली दोघांनाही तिच्यात घेतले गेले. म्हणजे दारावरची फी आता पुष्कळशी सुटली. मला बोलायचे आहे ते दाराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गोष्टींबद्दल. कारण हे मूल फीमुळे कॉलेज सोडते त्याहून जास्त वेळा ते राहायला जागा नाही, सहीला माणूस नाही आणि एकदा आपटल्यावर परत जायला ठिकाण नाही म्हणून सोडते.

आधी अलीकडचे. बालगृहातल्या बऱ्याच मुलांचे वय हा डॉक्टरांनी केलेला अंदाज असतो. दात, हाडे, बांधा पाहून एक आकडा ठरतो आणि त्यावरून जन्मतारीख. (१ जून ही महाराष्ट्रातली सर्वात गर्दीची जन्मतारीख आहे. ती आपल्या गुरुजींची कृपा. पण घरच्या मुलाचे त्या तारखेवाचून फारसे अडत नाही, बालगृहातल्या मुलाचे सगळे आयुष्य तिच्यावर टांगलेले असते.) मूल नवव्या वर्षी रस्त्यावरून आणले आणि पहिलीत बसवले, तर अठरा पूर्ण होताना ते दहावीत असते. सातव्या वर्षी आणले तर बारावीत. मधे एखादे वर्ष आजारपणात किंवा पळून जाण्यात गेले असेल तर आणखी मागे. एरवीही जे मूल वेळेवर शाळेत गेले, त्याची अठरावी वर्षगाठ बारावीच्या आगेमागेच येते. म्हणजे ज्या वर्षी घरोघरी आईबाप टीव्ही बंद करून दबक्या आवाजात बोलतात, नेमक्या त्याच वर्षी या मुलाच्या फाइलवर ‘मुदत पूर्ण’ असा शेरा पडायची वेळ येते.

मग संस्था काय करतात? वाईट हेतूने काही करत नाहीत, हे आधी सांगतो. अधीक्षकापुढे तारीख असते आणि तारखेआधी मुलाची ‘सोय’ लावायची असते. त्यामुळे दहावीनंतर मुलाला काय आवडते यापेक्षा कोणता कोर्स लवकर संपतो, कुठे राहण्याची सोय आहे, कुठे लगेच पगार सुरू होतो, याचा विचार होतो. आयटीआय, ड्रायव्हिंग, हॉटेलातले काम, मुलींसाठी शिवण किंवा नर्सिंगचा छोटा कोर्स. आयटीआय ही काही कमी प्रतीची गोष्ट नाही. उत्तम फिटर हा अर्धवट बीएपेक्षा समाजाला नक्कीच जास्त उपयोगी. प्रश्न एवढाच की फिटर व्हायचे हे त्या मुलाने ठरवले की त्याच्या जन्मतारखेने.

मुलींच्या बाबतीत आणखी एक वाट तयार असते, लग्नाची. संस्थेतल्या मुलीचे लग्न झाले की कागदोपत्री तिचे पुनर्वसन झाले. आपल्याला अशा लग्नांचे भारी कौतुक. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरात वझ्झरच्या आश्रमातल्या मूकबधिर मुलीच्या लग्नात राज्याच्या गृहमंत्र्यांनी कन्यादान केले आणि जिल्हाधिकारी वराच्या बाजूने उभे राहिले. ते दृश्य चांगलेच होते, त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण मंत्री आणि जिल्हाधिकारी जितक्या हौसेने मांडवात उभे राहतात तितक्या हौसेने एखाद्या मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी कॉलेजात उभे राहिल्याची बातमी माझ्या तरी वाचनात नाही. कन्यादानाला वडील मिळतात, केटीच्या, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या, फॉर्मवर सही करायला मिळत नाहीत.

वझ्झरचा उल्लेख आलाच आहे तर शंकरबाबा पापळकरांबद्दल बोलायला हवे. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यात त्यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचा आश्रम चालवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वर्षानुवर्षे त्यांची एकच मागणी राहिली आहे: अशा मुलांना अठराव्या वर्षी बाहेर काढणारा कायदा बदला. त्यांनी आपल्या मुलांना स्वतःचे आडनाव दिले, मतदार यादीत नाव लावले, आणि अठरानंतर ठेवून घेतले. तिथे वाढलेली एक अंध मुलगी पुढे पदवीधर झाली आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी नोकरीत लागली. रेल्वे स्टेशनवर कचऱ्यात सापडलेले ते बाळ होते. सगळी वर्तमानपत्रे तिच्यावर लिहून गेली, जिद्दीची कहाणी म्हणून. तिच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. पण त्या बातम्यांत एक साधी गोष्ट कुणाला ठळक करावीशी वाटली नाही, ती अशी की अठराव्या वर्षी तिला घराबाहेर जावे लागले नव्हते. सिंधुताई सपकाळांच्या घरातून शिकून वकील, डॉक्टर, प्राध्यापक झालेल्या मुलांचेही तेच. ‘अठरा झाली, निघा’ हे माईंनी कधी मानलेच नाही. आपल्याकडची यशाची जी उदाहरणे आपण मिरवतो, त्यांतली कितीतरी अशा घरांतली आहेत जिथे कुणीतरी कायद्याची तारीख बाजूला ठेवली. यावरून कायद्याने काही शिकायला नको का?

आता दाराच्या पलीकडे. प्रवेश मिळाला, आरक्षणातून मिळाला, फीही माफ झाली असे समजू. पहिला डोंगर कागदांचा. रहिवासी दाखला, आधार, आधारला जोडलेले बँक खाते, अनाथ प्रमाणपत्र. शिष्यवृत्तीच्या अर्जात उत्पन्नाचा दाखला मागतात तो कुटुंबाचा. कुटुंब कुठून आणायचे? जातीच्या आधारावर चालणाऱ्या स्वाधार, स्वयम् यांसारख्या चांगल्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला त्या राहण्या-जेवण्याचे पैसे देतात. पण टाकून दिलेल्या मुलाची जात कुणाला माहीत? जातीचा दाखला नाही म्हणजे योजना नाही. अनाथ प्रमाणपत्राचीही एक गंमत आहे, गंमत हा शब्द रागाने वापरतो आहे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘नेस्ट इंडिया फाउंडेशन’ने दोन मुलींसाठी याचिका केली होती. राज्य सरकारचे म्हणणे असे की आरक्षण अनाथांसाठी आहे, या मुली परित्यक्त आहेत. म्हणजे आईबाप मेलेले असतील तर आरक्षण, टाकून गेलेले असतील तर नाही! न्यायालयाने या दोघांच्या गरजांमध्ये फरक तो काय, असे विचारले. तो प्रश्न न्यायालयात जावा लागला हेच पुरेसे बोलके आहे.

आणि या व्याख्यांच्या बाहेर आणखी मोठा गट उरतो. बालगृहातली बहुसंख्य मुले अनाथ नसतात. बाप तुरुंगात, आई मनोरुग्णालयात. बाप गेला आणि आईने दुसरे लग्न केले. आई धुणीभांडी करते आणि झोपडीत मुलीला ठेवणे सुरक्षित वाटत नाही. ही मुले तीच डाळ-भाजी खाऊन, त्याच घंटेवर उठून वाढतात, आणि अठरा झाल्यावर त्यांना ‘कुटुंबात परत’ पाठवले जाते. ज्या कुटुंबातून दहा वर्षांपूर्वी त्यांना काढावे लागले होते, त्याच कुटुंबात. त्यांना ना अनाथ प्रमाणपत्र, ना आरक्षण. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी असलेल्या बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपयेही अठराव्या वर्षी थांबतात. म्हणून मला वाटते, मदतीचा निकष आईबाप जिवंत आहेत का हा नसावा. मूल राज्याच्या ताब्यात वाढले का, हा असावा. बालकल्याण समितीच्या आदेशाने ज्याला राज्याने सांभाळले, त्याचे पालकत्व राज्याने स्वतःहून घेतलेले आहे. त्या आदेशाची प्रत हाच दाखला पुरे.

दुसरा डोंगर सुट्टीचा आहे, आणि घर असलेल्या माणसाच्या तो लक्षातच येत नाही. दिवाळीच्या आधी वसतिगृहाच्या फलकावर सूचना लागते, अमुक तारखेला सायंकाळी पाचपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात. मेस बंद. मे महिन्यात पुन्हा तेच. मी कॉलेजात शिकवत असताना अशा सूचना कितीदा तरी वाचून पुढे गेलो आहे. स्टाफरूममधला कुणी ती वाचून थांबल्याचे आठवत नाही. मार्च २०२० मध्ये देशभरची वसतिगृहे काही दिवसांत रिकामी करायला सांगितली तेव्हा ‘गावी जा’ हा सल्ला सगळ्यांनाच दिला गेला. ज्याला गाव नाही तो कुठे जाणार? तो मित्राकडे जातो. पहिल्या दिवाळीला मित्राची आई कौतुकाने फराळ वाढते. दुसऱ्या दिवाळीला त्यालाच संकोच होतो. मग सुट्टीभर कुठेतरी सिक्युरिटी गार्डचे किंवा केटररकडचे काम धरायचे, कारण तिथे झोपायला मिळते. सुट्टी संपते, पण पगार सुरू झालेला असतो, आणि मुकादम म्हणतो, थांब की अजून पंधरा दिवस. अशी मुले सहामाहीच्या मध्यावर हजेरीपटावरून हळूहळू दिसेनाशी होतात. त्याला आपण गळती म्हणतो.

तिसरी गोष्ट पैशांची, ती थोडक्यात. महिना ४,००० म्हणजे वर्षाला ४८,०००. स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपये देणे सरकारने योग्य मानले आहे. त्या विद्यार्थ्याला किमान सुट्टीत जायला घर आहे. पुण्यात कॉट बेसिसवरची जागा आणि दोन वेळची मेस यांचा मेळ चार हजारांत बसत नाही, हे शहरात मूल शिकायला ठेवलेल्या कोणत्याही पालकाला विचारा. त्यातही अनुदान महिन्याच्या महिन्याला येईल तर! मेसवाला आणि घरमालक निधी वर्ग होण्याची वाट पाहत नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. गरीब घरातल्या मुलांचेही हेच हाल आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगाही कॉट बेसिसवर राहतो, तोही केटरिंगला जातो. मग या मुलांचेच वेगळे कौतुक कशाला? माझे उत्तर असे की गरिबीपुरते दोघे सारखेच आहेत, त्यात कुणाला वर-खाली लावू नये. फरक पडतो तो आपटल्यावर. शेतकऱ्याचा मुलगा दुसऱ्या वर्षाला नापास झाला की बापाच्या शिव्या खातो, दोन महिने गावात तोंड लपवून राहतो, चुलता कुणाला तरी फोन करतो आणि ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा परीक्षेला बसतो. आई एक बांगडी मोडते. आजारी पडला तर कुणीतरी एसटीने येते. बालगृहातल्या मुलाचे एक वर्ष गेले की त्याचे अनुरक्षण संपायला आलेले असते, वसतिगृहातली जागा जाते, आणि ‘काय झाले रे’ असे विचारणारा एकही माणूस त्याच्या फोनमध्ये नसतो. नापास होण्याची सोय हीच मोठी श्रीमंती असते. घरच्या मुलांना ती इतकी सहज मिळते की ती श्रीमंती आहे हे ध्यानात येत नाही.

शिवाय ही मुले कॉलेजात येतात ती स्वतःच्या आयुष्याचा साधा व्यवहारही न करता. उठायची घंटा, जेवायची घंटा, अभ्यासाची घंटा. आज भाजी कोणती हे त्यांनी कधी ठरवलेले नसते. बाजारातून जिन्नस आणलेला नसतो, उधारी केलेली नसते, घरमालकाशी हुज्जत घातलेली नसते. पन्नास मुलांच्या खोलीत झोपायची सवय असलेल्याला एकट्याच्या खोलीत झोप येत नाही. पहिला भत्ता हातात आला की तो आठ दिवसांत संपतो, आणि मग लोक म्हणतात, बघा, यांना पैशांची किंमत नाही. किंमत कळायला पैसे हातात यावे लागतात. घरात ती दहाव्या वर्षापासून किराणा आणताना कळते. मिशन वात्सल्य असो की आणखी काही, संस्थेत चौदा-पंधरा वर्षांपासून मुलाच्या हातात थोडे पैसे आणि थोडे निर्णय द्यायला हवेत. त्याने त्यांत चुकायलाही हवे. संस्थेबाहेरची योजना बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी सादर करावी, असे नियम सांगतात. दोन महिन्यांत तर रहिवासी दाखलासुद्धा निघत नाही. ही तयारी नववीत सुरू झाली पाहिजे.

बाहेरच्या देशांत काय आहे? इंग्लंडमध्ये अशा मुलांचे पालकत्व कायद्याने स्थानिक प्रशासनाकडे असते. २००० च्या कायद्याने त्या प्रशासनावर अशी जबाबदारी टाकली की सत्र संपून विद्यापीठाचे वसतिगृह बंद असेल तर सुट्टीत राहण्याची सोयही त्यानेच करायची. ही ओळ कुणाला सुचली असेल? नक्कीच अशा कुणाला, ज्याने एका तरी मुलाची दिवाळी, म्हणजे तिथला नाताळ, जवळून पाहिला असेल. २०१७ च्या कायद्याने व्यक्तिगत सल्लागार पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळू लागला. विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जात ‘मी राज्याच्या देखभालीत वाढलो’ अशी एक खूण करता येते. केली तर विद्यापीठ स्वतःहून संपर्क साधते, नाही केली तर कुणी विचारत नाही. अमेरिकेत सिनेटर जॉन चेफी यांच्या नावाचा, १९९९ च्या कायद्याने सुरू झालेला कार्यक्रम आहे. त्याखाली फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारी देखभालीत पालक-कुटुंबात वाढून, आलेल्या मुलाला उच्च शिक्षणासाठी वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंत मदत मिळते, आता सव्विसाव्या वर्षापर्यंत. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या विद्यापीठात १९९८ मध्ये ‘गार्डियन स्कॉलर्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. वर्षभर उघडे राहणारे निवास आणि विचारपूस करणारा ठरलेला माणूस हा त्याचा गाभा, आणि तो पुढे अनेक कॉलेजांनी उचलला. एवढे करूनही तिथे या मुलांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण इतर मुलांच्या खूप मागे आहे. म्हणजे हे काम अवघडच आहे, कुणी जादूची कांडी सापडल्याचा आव आणू नये. पण त्या अनुभवातून एवढे दिसते की पैसा एकटा पुरत नाही. छप्पर आणि ओळखीचा माणूस लागतोच.

खरे तर हे शिकायला फुलर्टनला जायची गरज नव्हती. महाराष्ट्राचे निम्मे शिक्षण वसतिगृहांनी घडवले आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगे उभी केली, कारण त्यांना कळले होते की नुसती फीमाफी देऊन खेड्यातला मुलगा शहरात टिकत नाही, त्याला भाकरी आणि अंथरूण लागते. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये बोर्डिंग काढले तेव्हा पोरांची आई होण्याचे काम लक्ष्मीबाईंनी केले, अंगावरचे दागिने मोडून. पुण्याच्या विद्यार्थी सहाय्यक समितीने १९५५ पासून ग्रामीण मुलांसाठी हेच केले. आणि त्याही आधी जोतिराव-सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. जोतिराव १८९० मध्ये गेले तेव्हा यशवंत सोळा वर्षांचा होता. आजच्या हिशेबाने बाहेर पडायला दोन वर्षे उरलेली! सावित्रीबाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या, तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ माळावर रुग्णांवर उपचार करत होता. आपल्या शहरांत या मंडळींचे पुतळे आहेत, विद्यापीठांना त्यांची नावे आहेत. त्यांनी जे प्रत्यक्ष केले ते मात्र आपण योजनांच्या नावांत घालून ठेवले.

मग करायचे काय? कायद्यातला बदल मोठा आहे पण सरळ आहे. अनुरक्षण हे वयाला न बांधता अभ्यासक्रमाला बांधा. जे मूल शिकत आहे त्याला ते पदवी किंवा पदविका हातात येईपर्यंत, एखादे वर्ष वाया गेले तर ते धरून, हक्क म्हणून मिळाले पाहिजे. वरची मर्यादा हवीच असेल तर पंचवीस ठेवा. चार वर्षांची पदवी आता नव्या शैक्षणिक धोरणाने आणलीच आहे. अठराला बारावी होणारे मूलही बाविशीशिवाय त्यातून बाहेर पडत नाही. एकविसाव्या वर्षाचा आकडा या अभ्यासक्रमाशी जुळत नाही. परावलंबी होतील अशी भीती वाटणाऱ्यांनी आपल्या घरातल्या एकवीस वर्षांच्या मुलाकडे एकदा पाहावे.

पण संसदेची वाट न पाहता बरेच करता येते. प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे, बहुतेक कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेचा अधिकारी आहे. प्रत्येक कॉलेजाने या मुलांसाठी एका प्राध्यापकाचे किंवा प्राध्यापिकेचे नाव ठरवून द्यावे, ज्याचा फोन रात्रीही लागेल आणि ज्याची सही स्थानिक पालक म्हणून चालेल. हे गुपचूप झाले पाहिजे. वर्गात ‘अनाथ विद्यार्थ्यांनी हात वर करा’ असे म्हणून नाही, आणि वह्यावाटपाचा फोटो काढून तर नाहीच. यातली बरीच मुले आपला पत्ता सांगताना बालगृहाचे नाव टाळतात, कारण लोकांच्या डोक्यात अजून ‘रिमांड होम’ आहे आणि रिमांड होम म्हणजे गुन्हेगार. इंग्लंडमधल्या अर्जातली ती ऐच्छिक खूण सीईटी कक्षाच्या, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कक्षाच्या, अर्जात आणायला कायदा लागत नाही, एक सॉफ्टवेअरवाला लागतो.

आणि सुट्टीतल्या खोल्या. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी समाजकल्याणची, आदिवासी विकासची किंवा विद्यापीठाची किमान एक-दोन वसतिगृहे आहेत. त्यांतल्या एका वसतिगृहाचा एक मजला, मुलींसाठी एक आणि मुलांसाठी एक, दिवाळीत आणि मे महिन्यात उघडा ठेवायचा. पहारेकरी सुट्टीतही असतोच, त्याचा पगार चालूच असतो. स्वयंपाकाला एक बाई आणि गॅसच्या टाक्या एवढाच वाढीव खर्च. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आणि समाजकल्याणचे सहायक आयुक्त बहुधा एकाच आवारात नाहीतर हाकेच्या अंतरावर बसतात. दोघांनी मिळून एक पत्र काढले तर येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी हे होऊ शकते, आणि त्या पत्राला मंत्रालयाची मंजुरी लागत असेल तर ती मागायला आजचा दिवसही चालेल.